हाताईतला चेहरा

आमच्या घरात एक बोली आहे. ती तोंडानं बोलत नाहीत अन् डोळ्यानं वाचत नाहीत. हसायचं असंन तर हसा, पण आधी पुरतं ऐकून घ्या. मधात टोकलेलं मले खपत नाही, म्हणूनच सासरी टिकली नाही मी.

माह्या बापाच्या दोन बहिणी, मोठी केसर अन् लहान पंचफुला. दोघीही जन्मापासून बहिऱ्या-मुक्या. लग्नं झाली नाहीत, दोघी आमच्याच घरी राह्यल्या. फुलाआत्याची नजर शेवटपर्यंत शाबूत होती. केसरआत्याले मात्र लहानपणापासून रातांधळं, मंग दिवसाचंही दिसणं कमी कमी होत गेलं, अन् माहा जन्म झाला तवा तिच्यासाठी पुरता अंधार झाला होता. तिनं मले कधी पाह्यलंच नाही.

दोघीजणी आधी हातवारे करून बोलत. दिसणं गेलं तसे केसरआत्यानं आपले हात फुलाआत्याच्या हाताईवर ठेवले, अन् ते हात हवेत काय काढतात ते ती बोटाईनं ऐकू लागली. पण नुसते हात वाचून भागत नाही, बाप्पा! मुक्या माणसाचं अर्धं बोलणं तोंडावर असते. भुवया वर गेल्या की सवाल, मान हलली की नाही, गाल फुगले की भल्लं मोठं. केसरआत्याले हे दिसन कुठून? मंग त्या दोघीनं अख्खा चेहरा उचलून हातात आणला. सवाल असंन तर शेवटी अंगठा दाबायचा. नाही म्हणायचं तर समोरचीचा हात धरून इकडे-तिकडे हलवायचा. हसू आलं तर तिच्या दंडावर बोटं पळवायची, मुंग्या चढल्यावानी. राग असंन तर हात मधातच झटकून थांबवायचा. ऐकणारीनं बोलणारीच्या गुडघ्यावर टिचकी देत राहायची, म्हणजे 'हो, मंग पुढे?' टिचकी थांबली की समजायचं, बाई रुसली.

अन् केसरआत्याजवळ येणाऱ्यानं आपण कोण ते आधी सांगायचं, हा घरचा नियम. बाबा तिच्या खांद्यावर थोपटतात. माहा भाऊ धम्मदीप तिची वेणी ओढते, मेला तिशीचा झाला तरी. मी कानाची पाळी चिमटते. फुलाआत्या तिचं मनगट धरून आपल्या हातातलं कडं त्याच्यावर घासायची.

चैतात धम्मदीपच्या पोरीचं नामकरण होतं, मलकापूरले. केसरआत्या टायफॉइडनं खाटेले लागलेली, म्हणून मी घरी थांबली. बाबा कार्यक्रम करून परत आले. फुलाआत्या बाळाले तेल लावायले म्हणून तिथंच राह्यली. एका दुपारी बाळाची मालिश केली, बाळाच्या बाजूले आडवी झाली, अन् उठलीच नाही. झोपेतच गेली. सगळं तिकडंच उरकलं. शेजारणीले केसरआत्याजवळ बसवून मी अन् बाबा जाऊन आलो.

येताना गाडीत बाबा म्हणे, "शीले, तिले सांगू नको. डॉक्टर म्हणते बीपी भल्ला वाढला आहे. धक्का लागला तर जाईन ती. थोडी सावरू दे, मंग मी सांगतो."

बाबा एसटीत कंडक्टर होते. बुलढाणा-मलकापूर गाडीवर जिंदगी काढली, खच्चून भरलेल्या गाडीले एका आवाजात मागं सरकवायचे. अन् बहिणीच्या हातात एक गोष्ट ठेवायची हिंमत नाही! मी भांडली. "तिची बहीण मेली बाबा. तिले समजायले नको का?"

"अन् ही पण मेली मंग? तू जबाबदार राहशीन?"

म्हणून मी आत्याले सांगतलं नाही.

पण केसरआत्या रोज विचारायची, फुला कवा येते? अंगठा असा दाबायची की माहा हात दुखायचा. मंग तिनं भाकर खाणं सोडलं. मी भरवलं तर तोंड मिटून घ्यायची. फुलाच्या हातून खाईन म्हणे. बाबानं मलकापूरहून आणलेलं फुलाआत्याचं कडं पेटीतून काढलं अन् माह्यासमोर धरलं. "तुहा हात तिच्यावानीच लांबडा आहे. घाल अन् बस तिच्याजवळ."

"बाबा, तुम्हाले काही वाटते का?"

"मले सगळंच वाटते, पोरी. तू घाल."

फुलाआत्या मिसरी लावायची, तो वास नसता तर कोणी फसलं नसतं. म्हणून मी मिसरीही लावली. अग्गं माय! घर गरगर फिरलं, मोरीत बसून ओकारी काढली. मंग चूळ भरली, कडं घातलं, खाटेवर बसली अन् आत्याच्या मनगटावर कडं घासलं.

तिनं नाक माह्या तोंडाजवळ आणलं. मंग आपले दोन्ही हात माह्या हाताईवर ठेवले. तिचं बोट सरकत सरकत माह्या बोटाच्या शेंड्यावर आलं. मी ब्लाउज शिवते, सुई टोचून टोचून तिथली चामडी निबर झाली आहे. तिथं ते बोट थांबलं. मंग बोट पुढं गेलं अन् तिनं विचारलं, "कवा आली?"

मी बोलली. मलकापूरची सून कशी नटली होती, जेवणात बुंदी किती गोड झाली होती, बाळ कसं रडलं. हसायची जागा आली तिथं तिच्या दंडावर बोटं पळवली. माह्या डोळ्याईतून घळाघळा पाणी वाहून राह्यलं होतं अन् माही बोटं हसत होती. समोर डोळस माणूस असता तर पहिल्या झटक्यात पकडली गेली असती. चेहरा उचलून हातात आणला की तो खोटाही घालता येते, हे मले तवा समजलं, अन् मले माहीच शिसारी आली. तिनं अर्धी भाकर खाल्ली.

तवापासून सकाळी मी शीला, दुपारी फुला. एका घरात दोन बाया होऊन राहायची मी. शिवणाच्या गिऱ्हाइकाईवर वसवस करायची, रात्री झोप नाही. पण आत्या उठून बसू लागली, म्हणून मीही गप्प राह्यली.

अन् मंग ती गोष्ट झाली. सकाळी मी कान चिमटून तिच्याजवळ बसली, शीला म्हणून. तिनं दंडावर बोटं पळवली अन् म्हणे, "फुला सांगे, धम्मदीपच्या पोरीच्या पायाची दोन बोटं जोडलेली आहेत. बदकावानी."

मी असं काही सांगतलं नव्हतं. मले माहीतच नव्हतं तर सांगन कुठून? मी धम्मदीपले फोन लावला.

"तुले कोणं सांगतलं बे?" तो म्हणे. "आम्ही कोणालेच दाखवलं नाही. लोकाईचं तोंड कोण धरन? फक्त फुलाआत्यानं पाह्यलं, मालिश करताना. माही बायको तिच्यासमोर हात जोडून उभी राह्यली, कोणाले सांगू नको म्हणून."

"कवा?"

"गेली त्याच दुपारी. तोवर पायाले तेल माही बायकोच लावायची."

मी फोन ठेवला अन् बाबावर धावून गेली. "माह्या माघारी तुम्ही जाऊन बसता का तिच्याजवळ?"

"मी? मले कुठं फुलीवानी बोलता येते? मी दोन गोष्टी सांगतो, भूक लागली का अन् औषध घेतलं का."

"मंग पोरीच्या बोटाईचं हिले कोणं सांगतलं?"

"फुलीनं सांगतलं असंन."

"कवा? ती परत आलीच नाही, बाबा!"

बाबा भिंतीकडे पाहत राह्यले. तिथं बुद्धाचा अन् बाबासाहेबाचा फोटो आहे. मंग बारीक आवाजात म्हणे, "आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आहोत. आपल्यात भूतबित नसते."

"मी भूत म्हटलं का?"

"मंग ओरडून काऊन राह्यली?" ते उठून बाहेर गेले, उन्हात, चप्पल न घालता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत मशीनवर होती. बाहेर ऊन असं की मशिदीकडच्या रस्त्यावर कुत्रंही नाही. कडं अजून घातलं नव्हतं, मिसरी लावली नव्हती. दोरा तुटला म्हणून मान वर केली अन् दारातून ओसरीकडे पाह्यलं.

केसरआत्या खाटेवर बसली होती. दोन्ही हात समोर, हवेत.

आता नीट ऐका. बोलणारा हात अन् ऐकणारा हात वेगळा असते. बोलणारा मनगटातून जोर काढते. ऐकणारा सैल असते, दुसऱ्याच्या हाताईवर बसून जाते, जिकडे नेलं तिकडे. एकटं माणूस स्वतःशी बडबडते तसे आत्याचे हात बोलत असते तर मी म्हटलं असतं, बाई म्हातारी झाली. पण ते हात बोलत नव्हते. ते ऐकत होते. खाली कोणी नव्हतं, अन् ते वर उचलले जात, वळवले जात, थांबवले जात. मंग तिनं एक हात काढला अन् बाजूले टिचकी दिली. हो, मंग पुढे? हवेतच दिली. बोटं खाली खाटेवर पडली नाहीत. गुडघ्याच्या उंचीवर कशाले तरी अडली अन् परत आली.

मी डोळे फाडून वाचत होती. 'कोणी', मंग 'पाहत', मंग हात इकडे-तिकडे, नाही. शेवटी तिच्या तळहाताची चामडी आत दबली. अंगठा दाबल्यावर दबते तशी, मधात पांढरी, कडेनं लाल. दाबणारा अंगठा नव्हता.

मी मशीनच्या मागं, कापडाच्या ढिगात बसून राह्यली, तोंडात पदर कोंबून. मले लय भेव लागलं. असं भेव नवऱ्याच्या घरीही लागलं नव्हतं.

संध्याकाळी मन घट्ट करून तिचा कान चिमटला. तिनं मले जवळ ओढलं. "फुला म्हणते तिले या घरात नाही राहायचं. मले म्हणते चल. जाऊ का मी तिच्यासंग?"

तिचे हात गार पडले होते. दुपारची भाकर तशीच ताटात होती, सकाळचीही. तवा माह्या ध्यानात आलं, की आम्ही धक्क्याच्या भेवानं खोटं बोलत राह्यलो अन् ही आमच्या डोळ्याईसमोरून चालली. तिले खरं सांगतलं तर ती त्या हाताईले हात देणं थांबवन. नाही सांगतलं तर जाईन. मले दुसरा रस्ता दिसला नाही.

"मी सांगून राह्यली तिले," मी बाबाले म्हटलं.

"बीपी..."

"बीपी गेला चुलीत! ती जाऊन राह्यली, बाबा. डोळे आहेत ना तुम्हाले? पाहा जरा!"

बाबा उठले. आत जाऊन दार लोटून घेतलं.

सकाळ उजाडली तशी मी तिच्याजवळ गेली. कडं नाही, मिसरी नाही. कान चिमटला. तिनं आपले हात माह्या हाताईवर ठेवले. मी तिचं मनगट चोळलं, म्हणजे फुला. मंग आपला हात तिच्या तळव्यावर उताणा ठेवला अन् पालथा केला. आमच्या बोलीत मेलं असं म्हणतात. तोंडानं सांगताना माणसाले आधी आवंढा गिळता येते, डोळ्यात पाणी आणता येते, समोरचं माणूस शब्दाआधीच समजून घेते. हातात तसं काही नाही. मले एवढंच करता आलं, की मी हात लय हळू पालथा केला.

ती म्हणे, "माहीत आहे."

मले वाटलं मी चुकीचं वाचलं.

"तू कडं घालून बसली त्याच दिवशी समजलं," ती म्हणे. "सुईचं बोट तुहं. जित्या माणसाचं सोंग कोणी कायले घेईन?"

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुही बोटं हसत होती अन् मनगट थरथरत होतं. तुले सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, राहू द्या."

मले असा राग आला! "मले मिसरी खायले लावली तू! ओकून ओकून आतडे बाहेर आले माहे!" मी तिचा हात झटकला. तिनं माह्या दंडावर बोटं पळवली, अन् मी हसली अन् भोकाड पसरून रडली, दोन्ही एकदमच. तिनं मले रडू दिलं. माही पाठ चोळत राह्यली.

मंग तिचे हात गंभीर झाले. कसे ते सांगता येत नाही, पण होतात.

"फुलाले माहीत नाही," ती म्हणे.

मी तिच्या तळव्यात अंगठा दाबला. काय?

"तिले वाटते, ती मलकापूरहून घरी आली. म्हणते, भाऊ माह्याकडे पाहत नाही. शीला माह्या अंगावरून निघून जाते, माहं कडं घालून माह्या जागेवर बसते. सगळ्याईनं तोंड फिरवलं. काय चुकलं माहं, असं रोज विचारते. मले म्हणते, फक्त तूच उत्तर देऊन राह्यली. म्हणून मले संग घेऊन जाते म्हणते."

मले उठून पळायचं होतं. पण माह्या डोळ्यापुढं फुलाआत्या आली. ती बहिरी, जन्मभर लोकाईच्या तोंडाकडे पाहून जगलेली. कोणाच्या भुवया कशा, कोण हसलं, कोण चिडलं, त्याच्यावर तिचं सगळं चालायचं. अन् ती तिच्याच घरात एकेकाच्या तोंडासमोर जाऊन उभी राहत असंन, अन् कोणी पाहत नसंन. भेवापेक्षा मले तिची कीव आली.

"सांग ना तिले," मी म्हटलं.

"लय वेळा ठरवलं. हात उठत नाही. माही लहान बहीण आहे ती." तिनं माहं मनगट धरलं. "तुले आता सांगता येते. तू सांग."

अन् तिनं माहे हात उचलून आपल्या बाजूले, रिकाम्या खाटेवर, हवेत नेऊन ठेवले.

आधी काहीच नव्हतं. मंग वजन आलं. दोन हात माह्या हाताईवर येऊन बसले, हलके, ऐकणारे. थंड असते तर बरं झालं असतं. ते ऊन होते, तेलानं ओशट झालेले, लहान बाळाची मालिश करून उठल्यावानी.

मी समोर पाह्यलं. तिथं माठ होता अन् भिंत. फुलाआत्याशी मी उभी जिंदगी तोंड पाहून बोलली, तिच्या हातात कधी बोलायची गरजच नाही पडली. आता तोंड नव्हतं. माहं तिले दिसत असंन, पण तिचं मले नाही. मी आपला हात उताणा केला अन् हळू पालथा केला.

ते हात थांबले. मंग माह्या तळव्यात अंगठा दबला. कोण?

'तू' म्हणायचं तर ऐकणारीचा हात तिच्याच छातीवर नेऊन ठेवायचा असते. मी तो ओशट हात धरला अन् मागं नेला, हवेत, तो कशाले तरी टेकला तोपर्यंत. अन् तिथं दाबून धरला.

त्या हातानं माहा हात पकडून इकडे-तिकडे हलवला. नाही. नाही, नाही. माहा खांदा निखळतो की काय असं झालं. मी परत सांगतलं. मंग परत. हात मी थरथरू दिला नाही.

मंग ती बोटं हालली, एकेक करून, अडखळत. "म्हणून भाऊ पाहत नव्हता?" अंगठा दबला.

मी चाचपडत गुडघा शोधला अन् टिचकी दिली. हो.

"रागावून नाही?"

नाही, मी सांगतलं. कोणीच रागावलं नाही, आत्या. कोणीच नाही. मी ते तोंडानंही ओरडली, कोण जाणे कोणासाठी.

माह्या ओरडण्यानं आतलं दार उघडलं. बाबा उंबऱ्यावर उभे होते, डोळे सुजलेले.

"बाबा," मी म्हटलं, "इकडे पाहा. तिच्याकडे."

"कोणाकडे?"

"प्रश्न नका विचारू! इथं पाहा. माह्या हाताच्या वर, तोंड असते तिथं."

बाबा उंबरा उतरून आले. खाटेसमोर जमिनीवर बसले अन् त्या रिकाम्या जागेकडे मान वर करून पाह्यलं. त्याईची हनुवटी हालू लागली, डोळे भरून आले, पण नजर त्याईनं काढली नाही. माह्या हातावरून ते हात निघून जाईपर्यंत बाबा तसेच पाहत बसले.